उपयोगिता प्रमाणपत्राची भाषा : स्वयंसेवी संस्थांतील अनुदान-व्यवस्थापनाची चिकित्सा

प्रस्तावना

स्वयंसेवी संस्थांनी अनुदानाचे व्यवस्थापन कसे करावे, याविषयी कार्यशाळांतून आणि मार्गदर्शक पुस्तिकांतून जे सांगितले जाते त्याचा आशय थोडक्यात असा असतो : प्रस्ताव मुदतीत पाठवावा, अंदाजपत्रकातील शीर्षाप्रमाणेच खर्च करावा, प्रत्येक खर्चाचे प्रमाणक जपून ठेवावे, अहवाल वेळेवर द्यावा आणि वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे. हे सर्व आवश्यक आहे, यात शंका नाही. तथापि एखादी संस्था या सर्व कसोट्यांना उतरूनही आतून खंगत जाऊ शकते आणि तिचे हिशेब नियमानुसार असूनही खरे नसू शकतात, ही बाब या मार्गदर्शनाच्या कक्षेत येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय नेमका हाच आहे.

त्यासाठी अनुदानाच्या व्यवहारातील तीन कागद येथे संहिता म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे : उपयोगिता प्रमाणपत्र, अंदाजपत्रकातील प्रशासकीय खर्चाचे शीर्ष आणि प्रकल्पाचा तार्किक आराखडा. कोणत्याही संहितेत जे लिहिले आहे त्याइतकेच, जे लिहिण्याची सोयच ठेवलेली नाही तेही महत्त्वाचे असते. संस्था नावाची गोष्ट चालवायला खर्च येतो, हे साधे विधान या तीनही कागदांत करता येत नाही. आणि ते करता येत नाही म्हणून प्रामाणिक कार्यकर्त्यांनाही आडवळणाने लिहावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

महाविद्यालयीन प्राध्यापकांना हा व्यवहार परका नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघुसंशोधन प्रकल्पाचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना शीर्ष बदलण्याची परवानगी, सनदी लेखापालाची सही आणि अखर्चित रकमेचा धनाकर्ष या गोष्टी पाठ आहेत. फरक एवढाच, की प्राध्यापकाचे वेतन प्रकल्पावर अवलंबून नसते. स्वयंसेवी संस्थेतील कार्यकर्त्याचे असते.

उपयोगिता प्रमाणपत्र : एक वाचन

केंद्र शासनाच्या २००५ च्या सामान्य वित्तीय नियमांत उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना १९-अ दिलेला होता. त्याचा गाभा म्हणजे एकच लांबलचक वाक्य होते. मंजूर झालेल्या अमुक रकमेपैकी अमुक रक्कम ज्या प्रयोजनासाठी मंजूर झाली त्याच प्रयोजनासाठी वापरली गेली आणि शिल्लक रक्कम परत केली आहे किंवा पुढील वर्षी समायोजित केली जाईल, असे ते प्रमाणित करत असे. २०१७ च्या नियमांनी या वाक्याच्या जागी १२-अ हा विस्तृत नमुना आणला. त्यात प्रारंभीची शिल्लक, मिळालेले व्याज, वर्षातील अनुदान, खर्च आणि अखेरची शिल्लक यांचे कोष्टक आहे. वेतन, भांडवली मत्ता आणि सर्वसाधारण अशी विभागणी आहे. आणि त्याखाली प्रतिज्ञांची मालिका आहे. घटकनिहाय खर्च मान्य प्रमाणातच झाला, लाभ अभिप्रेत लाभार्थ्यांपर्यंतच पोहोचला, प्रमुख व्यक्तींवरील जबाबदाऱ्या मोघम न ठेवता स्पष्ट शब्दांत सोपवलेल्या आहेत, अशा आशयाची ही विधाने आहेत.

नमुना विस्तारला, पण त्याचे व्याकरण बदलले नाही. दोन्ही नमुन्यांत क्रियापद एकच आहे, 'वापरली गेली'. वापरल्याने काय झाले, हे या कागदाने विचारायचे नाही, हे समजू शकते. तो हिशेबाचा कागद आहे. परंतु रक्कम केव्हा हाती आली, हेही तेथे ठळकपणे उमटत नाही. अनुदान जूनमध्ये अपेक्षित होते आणि जानेवारीत मिळाले, तरी मार्चअखेर ते खर्च झालेले असले की प्रमाणपत्र निर्दोष ठरते. मधल्या सात महिन्यांत कार्यकर्त्यांची घरे कशी चालली, याला या कागदात रकाना नाही.

नियमानुसार उपयोगिता प्रमाणपत्र वित्तीय वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावयाचे असते आणि पुढील अनुदान मागील रकमेच्या हिशेबाशी जोडलेले असते. २०१७ च्या नियमांनी अनुदानावर मिळालेले व्याजही लेखे अंतिम झाल्यावर भारताच्या संचित निधीत भरणे बंधनकारक केले. म्हणजे रक्कम बँकेत पडून राहिली तर तिचे फळ शासनाचे. रक्कम उशिरा आली तर त्या उशिराची झळ संस्थेची. सार्वजनिक पैशाच्या शिस्तीच्या दृष्टीने पहिल्या नियमाचे समर्थन करता येईल. दुसऱ्या गोष्टीबाबत नियम मौन बाळगतात, हे खटकते.

या मौनाचा परिणाम व्यवहारात एका ठरावीक मार्गाने होतो. त्याला संस्थांच्या बोलीत 'उसनवारी' म्हणतात. एका प्रकल्पाचा दुसरा हप्ता लांबला की दुसऱ्या प्रकल्पाच्या खात्यातून पगार भागवले जातात. हप्ता आला की रक्कम परत फिरवली जाते. हेतू निर्मळ असतो आणि वर्षअखेरीस बेरीजही जुळते. परंतु ज्या दिवशी पाण्याच्या प्रकल्पाचा पैसा अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाला गेला, त्या दिवशी 'मंजूर प्रयोजनासाठीच' या शब्दांचा भंग झालेला असतो. संस्थेचे सचिव त्याखाली सही करतात. ही सही करताना आपण नक्की काय प्रमाणित करत आहोत, याचा विचार करणारा सचिव अस्वस्थ होतो आणि न करणारा निवांत असतो. व्यवस्थेची रचना निवांत सचिवाला सोयीची आहे, ही तिच्यावरील मोठी टीका होय.

टक्केवारीची नीती

संस्थेच्या ध्येयावरील खर्च आणि संस्था चालवण्याचा खर्च यांची विभागणी आपल्याकडे नवी नाही. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली, म्हणजे आज ज्याला महाराष्ट्राचे नाव आहे त्या कायद्याखाली, १९५१ चे नियम झाले. त्यांतील अनुसूची ९ हा उत्पन्न व खर्चाच्या लेख्याचा नमुना आहे. त्यात आस्थापना खर्च एका ओळीवर, तर विश्वस्त व्यवस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्च धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय साहाय्य, दारिद्र्यनिवारण आणि इतर धर्मादाय अशा पोटशीर्षांत दाखवावा लागतो. ही विभागणी वर्णनात्मक होती. मंदिराच्या पुजाऱ्याचा खर्च कोणता आणि कारकुनाचा कोणता, हे धर्मादाय आयुक्तांना कळावे एवढाच तिचा हेतू दिसतो. तिला कमाल मर्यादेचे आणि त्यातून नैतिक गुणांकनाचे रूप पुढे आले.

विदेशी योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० याच्या कलम ८ ने परदेशी निधीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चावर ५० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने ती २० टक्के केली. प्रशासकीय खर्च म्हणजे काय, हे २०११ च्या नियमांतील नियम ५ मध्ये दिले आहे आणि ती यादी सावकाश वाचण्यासारखी आहे. कार्यकारी मंडळाचे मानधन व प्रवास, व्यवस्थापनासाठी नेमलेल्या माणसांचे वेतन, वीज, पाणी, दूरध्वनी, टपाल, छपाई, जागेचे भाडे, वाहनांची देखभाल, निधीचा हिशेब ठेवण्याचा खर्च, अहवाल लिहिण्याचा व सादर करण्याचा खर्च, कायदेशीर व व्यावसायिक शुल्क हे सर्व त्यात येते. कल्याणकारी संस्थेच्या उद्दिष्टांसाठी थेट झालेला खर्च, उदाहरणार्थ रुग्णालयातील डॉक्टरांचे किंवा शाळेतील शिक्षकांचे वेतन, त्यातून वगळले आहे.

येथे एक विसंगती लक्षात येते. हिशेब काटेकोर ठेवा आणि अहवाल सविस्तर द्या, ही मागणी करणारी व्यवस्था हिशेब व अहवाल यांवर होणारा खर्च मात्र मर्यादा घालण्याजोग्या खर्चात टाकते. उत्तरदायित्व वाढवा आणि त्याचा खर्च कमी करा, असा तो दुहेरी आदेश आहे.

डॉक्टर आणि शिक्षक वगळले गेले, कारण त्यांचे काम डोळ्यांना दिसते. परंतु आजची कितीतरी संस्थात्मक कामे सल्ला, पाठपुरावा, संघटन, कायदेविषयक मदत अशा स्वरूपाची आहेत. वनहक्काचा दावा तयार करून देणारा, तालुक्याच्या कचेरीत आठ खेपा घालणारा कार्यकर्ता डॉक्टरांच्या रांगेत बसवायचा की कारकुनांच्या, याचे उत्तर लेखापालाच्या मनोवृत्तीवर ठरते. त्या उत्तरावर संस्थेची टक्केवारी अवलंबून असते.

कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते. त्याबाबतच्या नियमांत, विशेषतः २०२१ च्या दुरुस्तीनंतर, प्रशासकीय खर्चाची मर्यादा त्या वर्षीच्या एकूण सामाजिक दायित्व खर्चाच्या ५ टक्के अशी स्पष्ट झाली. नियमाची भाषा पाहिली तर हा खर्च कंपनीने आपल्या कार्यालयात या कामाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेला खर्च होय. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख व मूल्यमापन यांवरील थेट खर्च त्यात धरलेला नाही. परंतु कायद्यात कंपनीसाठी असलेला आकडा करारनाम्यात उतरताना अनेकदा संस्थेसाठी होऊन बसतो. संस्थेचा प्रतिनिधी वाद घालत नाही. वाद घातला तर प्रकल्प शेजारच्या संस्थेला जाईल, हे त्याला ठाऊक असते.

या टक्केवारीचा हिशेब एकदा मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. समजा, एका संस्थेकडे प्रत्येकी १० लाख रुपयांचे तीन प्रकल्प आहेत आणि प्रत्येकात ५ टक्के प्रशासकीय खर्च मान्य आहे. म्हणजे २८ लाख ५० हजार रुपये थेट कामासाठी आणि १ लाख ५० हजार रुपये संस्थेसाठी. आता संस्थेचा किमान खर्च पाहू. लेखापालास दरमहा २५,००० प्रमाणे वर्षाचे ३ लाख. जागेचे भाडे दरमहा १०,००० प्रमाणे १ लाख २० हजार. लेखापरीक्षण ५० हजार. वीज, दूरध्वनी व टपाल ३० हजार. आणि संचालकाच्या वेतनाचा प्रकल्पांबाहेरील भाग दरमहा २०,००० प्रमाणे २ लाख ४० हजार. बेरीज ७ लाख ४० हजार होते. मिळाले दीड लाख. तूट ५ लाख ९० हजार. यात चैनीचे काही नाही. कामाचा खरा खर्च ३५ लाख ९० हजार आहे आणि त्यात संस्थेचा वाटा सुमारे २१ टक्के आहे. निधीदाते मिळून ३० लाख देतात आणि पूर्ण काम झाल्याचे प्रमाणपत्र घेतात.

उरलेले ५ लाख ९० हजार कोठून येतात? एक मार्ग पदनामांचा असतो. लेखापाल एका प्रकल्पात 'क्षेत्र समन्वयक', दुसऱ्यात 'दस्तऐवज सहायक' होतो. कार्यालयाच्या भाड्याचे 'प्रशिक्षण सभागृहाचे भाडे' होते. कोणीही पैसा खाल्लेला नसतो. तरीही कागद खोटा होतो. दुसरा मार्ग म्हणजे लेखापाल न नेमणे. मग हिशेब विस्कळीत राहतात आणि लेखापरीक्षक शेरे मारतो. त्या शेऱ्यांवरून स्वयंसेवी संस्था गबाळ्या असतात, असा निष्कर्ष निघतो. तिसरा मार्ग कार्यकर्त्यांच्या वेतनातून कपात करण्याचा. भरती करताना 'मानधन' हा शब्द वापरला की तो सोपा होतो.

हा अनुभव केवळ भारतीय नाही. अ‍ॅन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी २००९ मध्ये 'स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू'मध्ये याच घटनेला उपासमारीचे चक्र म्हटले. निधीदात्यांच्या अवास्तव अपेक्षा, त्यांना जुळवून घेण्याचा संस्थांवरील दबाव आणि त्यातून कमी दाखवला जाणारा खर्च, असे ते चक्र आहे. कमी दाखवलेला खर्च पुन्हा निधीदात्याच्या अपेक्षेला पुरावा पुरवतो. अमेरिकेतील दोन लाख वीस हजारांहून अधिक संस्थांच्या करविवरणांच्या अभ्यासाचा हवाला त्यांनी दिला होता. एकतृतीयांशाहून अधिक संस्थांनी निधी-संकलनावर शून्य खर्च दाखवला होता आणि दर आठांपैकी एकीने व्यवस्थापनावर काहीच खर्च झाला नसल्याचे कळवले होते. निधी आपोआप गोळा होत नाही आणि संस्था आपोआप चालत नाही, हे सर्वांना माहीत असताना ही शून्ये लिहिली गेली. २०१३ मध्ये तेथील संस्थांचे मूल्यांकन व माहिती-संकलन करणाऱ्या तीन प्रमुख संघटनांनी, गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनी, खुल्या पत्राद्वारे देणगीदारांना प्रशासकीय खर्चाचे प्रमाण हा एकमेव निकष मानू नका, असे आवाहन केले. अमेरिकेच्या संघराज्य शासनाच्या अनुदान-नियमांत ज्या संस्थांनी स्वतःचा अप्रत्यक्ष खर्चाचा दर ठरवून घेतलेला नाही त्यांना १० टक्के किमान दर मागण्याची मुभा होती. ऑक्टोबर २०२४ पासून तो १५ टक्के झाला. आपल्याकडील चर्चा कमाल किती द्यावे याची आहे, तेथील नियमात किमान किती मागता येईल हेही आहे. दोन्ही भाषांतील हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

मर्यादा निष्कारण आल्या, असे मात्र म्हणता येणार नाही. नातेवाइकांना पगार देण्यासाठी काढलेले न्यास, कागदावरची प्रशिक्षणे आणि एकाच बिलाच्या दोन प्रती दोन निधीदात्यांना देण्याचे प्रकार सर्वांच्या ऐकिवात आहेत. निधीदात्याची भीती खरी आहे. परंतु टक्केवारीची मर्यादा या भीतीवर उपाय ठरत नाही, कारण लबाड संस्थेला ५ टक्क्यांत बसणे प्रामाणिक संस्थेपेक्षा सोपे जाते. खोटी पदनामे तिला लिहायचीच असतात.

त्याग नावाचे शीर्ष

आस्थापना खर्च दाखवण्याची लाज महाराष्ट्रात अधिक खोल आहे, आणि तिचे मूळ परदेशी निधीच्या कायद्यात नाही. आपल्या संस्थात्मक इतिहासात हा खर्च कोणीतरी घरातून भरला, आणि आपण त्याला त्याग म्हटले.

महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि १९०० मध्ये आश्रम हिंगण्याला नेला. या काळात ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते आणि पुण्याहून हिंगण्याला पायी जात येत. ही पायपीट आपल्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. हिशेबाच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे : आश्रमाच्या मुख्य कार्यवाहाचे वेतन डेक्कन एज्युकेशन सोसायटी देत होती. ते आश्रमाच्या खर्चात कोठेच दिसत नव्हते. खुद्द त्या सोसायटीची रचनाही याच तत्त्वावर होती. गोपाळ कृष्ण गोखले आजीव सदस्य झाले ते दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्याच्या प्रतिज्ञेने. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले, त्या वादात आजीव सदस्यांनी बाहेरून मिळकत करावी की नाही, हा कळीचा मुद्दा होता. म्हणजे वेतन पुरते की नाही हा प्रश्न तेव्हाही होता. तो तत्त्वनिष्ठेचा प्रश्न म्हणून चर्चिला गेला, एवढेच.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी दागिने आणि शेवटी मंगळसूत्र मोडले, ही घटना रयत शिक्षण संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमात आदराने सांगितली जाते, आणि तो आदर योग्यच आहे. परंतु व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहिले तर वसतिगृहाच्या खेळत्या भांडवलाची तूट एका स्त्रीच्या स्त्रीधनातून भरली गेली, असे ते विधान होईल. ते कोणत्या शीर्षाखाली नोंदवणार? आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' वाचताना अशा खर्चाची संसाराकडील बाजू दिसते. मराठी संस्थांच्या इतिहासलेखनाने या बाजूला गौरवाच्या परिच्छेदात स्थान दिले, ताळेबंदात दिले नाही.

या परंपरेला नाकारण्याचा येथे हेतू नाही. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. त्या देणगीपूर्वीची वर्षे त्यागावरच निघाली, आणि ती तशी निघाली नसती तर देणगी स्वीकारायला संस्थाच उरली नसती. प्रश्न असा आहे, की एका असामान्य पिढीने स्वेच्छेने भरलेली तूट ही पुढील पिढीच्या कार्यकर्त्यांसाठी नोकरीची अट कशी काय होऊ शकते. आज समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन ग्रामीण संस्थेत रुजू होणारी तरुणी कर्वे किंवा लक्ष्मीबाई होण्यासाठी आलेली नसते. तिने काम निवडलेले असते. प्रकल्पाच्या हप्त्याबरोबर तिचा पगार थांबतो तेव्हा तिच्यासमोर त्यागाचे उदाहरण ठेवले जाते, आणि दोन वर्षांनी ती संस्था सोडते. तिच्याबरोबर गावातील ओळखी, नोंदी आणि विश्वास निघून जातो. हे नुकसान कोणत्याही अहवालात येत नाही.

आराखड्याचा चौथा रकाना

तिसऱ्या कागदाबद्दल थोडक्यात. तार्किक आराखडा, ज्याला संस्थांमध्ये 'लॉगफ्रेम' म्हणतात, तो अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेसाठी १९६९ च्या सुमारास तयार झाला. उभ्या दिशेने व्यापक उद्दिष्ट, प्रकल्पाचा हेतू, निष्पत्ती आणि आदाने. आडव्या दिशेने वर्णन, निर्देशक, पडताळणीची साधने आणि गृहीतके अशी त्याची रचना आहे. पहिले तीन रकाने सर्वजण कसोशीने भरतात. चौथा रकाना, म्हणजे गृहीतकांचा, एखाददुसऱ्या वाक्यात आटोपला जातो. 'स्थानिक प्रशासनाचे सहकार्य मिळेल' हे त्यातील सर्वाधिक आवडते वाक्य असावे.

खरे पाहता आराखडा रचणाऱ्यांचे शहाणपण या चौथ्या रकान्यातच आहे. मातामृत्यू कमी करण्याच्या प्रकल्पात 'प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद भरलेले राहील' असे गृहीतक संस्थेने स्पष्ट लिहिले असेल आणि पद दीड वर्ष रिक्त राहिले, तर प्रकल्प का अडला याचे उत्तर कागदावर असते. ते लिहिले नसेल तर अपयश संस्थेच्या नावे जमा होते. मग अपयश लपवण्यासाठी लाभार्थ्यांची संख्या पुढे केली जाते. एकच स्त्री बचत गटाची सदस्य, आरोग्य शिबिराची रुग्ण आणि प्रशिक्षणाची प्रशिक्षणार्थी म्हणून तीन वेळा मोजली जाते. प्रति लाभार्थी खर्च घटतो, निधीदाता समाधानी होतो. 'लाभार्थी' हा शब्दच असा आहे, की त्यात माणसाला फक्त मिळते. तो काही करतो, नाकारतो, प्रश्न विचारतो, असे त्यातून सूचित होत नाही. मराठीत 'सहभागी', 'सभासद', 'गावकरी' असे शब्द असताना हाच शब्द का रुजला, हा भाषाभ्यासकांसाठीही विचारार्ह विषय आहे.

नकाराचा अधिकार आणि पूर्ण खर्चाची मांडणी

परिणामकारक अनुदान-व्यवस्थापनाची सुरुवात अनुदान मिळाल्यानंतर होत नाही. ते स्वीकारायचे की नाही, या निर्णयापाशी होते. आणि नकार देण्यासाठी संस्थेला दोन गोष्टी लागतात : आपल्या कामाचा पूर्ण खर्च किती, याचे ज्ञान, आणि नकार दिल्यावर काही महिने तग धरण्याइतका अनिर्दिष्ट निधी. पहिली गोष्ट संस्थांच्या हातात आहे. ती बहुतेक संस्था करत नाहीत, आणि याबाबत निधीदात्यांना दोष देता येणार नाही. विश्वस्त मंडळाच्या सभेत लेखापरीक्षित हिशेब 'मंजूर' या एका शब्दात संपतात. अनुसूची ८ च्या ताळेबंदातील कायम निधी कोणता आणि निर्दिष्ट निधी कोणता, हे सांगता येणारे विश्वस्त थोडे. निर्दिष्ट निधीची शिल्लक आपलीच आहे असे समजून नवा संगणक घेतला जातो आणि पुढच्या वर्षी परताव्याचे पत्र येते.

दुसरी गोष्ट अवघड आहे, विशेषतः लहान संस्थांसाठी. २०२० च्या दुरुस्तीने विदेशी योगदान एका संस्थेकडून दुसरीकडे हस्तांतरित करण्यास पूर्ण बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये नोएल हार्पर प्रकरणात ही तरतूद वैध ठरवली. तोपर्यंत मोठी संस्था परदेशी निधीचा हिशेब आणि अहवाल सांभाळत असे आणि तालुक्यातील छोटी संस्था तिच्यामार्फत काम करत असे. मध्यस्थ संस्थांच्या या साखळीत दोष होते. प्रत्येक कडीवर थोडा पैसा झिरपत असे. परंतु ज्या संस्थेला स्वतःचा लेखापाल परवडत नाही, तिच्या अनुदान-व्यवस्थापनाचा भार दुसऱ्या कोणी उचलण्याचा तो एक मार्ग होता. तो बंद झाल्यावर पर्यायी मार्ग कोणता, याची चर्चा व्हावी तशी झालेली नाही. अनिर्दिष्ट, स्थानिक आणि लहान देणग्या हाच त्यातल्या त्यात विश्वासार्ह आधार उरतो. १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले त्याला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीचे प्रारंभीच बळ मिळाले, तेव्हा दाखवण्यासाठी निर्देशक नव्हते. कामाच्या माणसांवरील विश्वास हाच निकष होता. असे दाते दुर्मीळ असतात, म्हणून त्यांच्यावर व्यवस्था उभारता येत नाही, हेही खरे.

पूर्ण खर्चाची मांडणी मात्र प्रत्येक संस्थेला करता येण्याजोगी आहे, आणि येथे महाविद्यालयांना प्रत्यक्ष वाव आहे. समाजकार्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी संस्थांमध्ये जातात. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी परिव्यय लेखांकन शिकतात, पण त्यांची उदाहरणे कारखान्याची असतात. या दोन विभागांनी मिळून शहरातील एखाद्या संस्थेची अनुसूची ९ समोर ठेवावी. संचालकापासून शिपायापर्यंत प्रत्येकाने एक महिना कोणत्या प्रकल्पावर किती तास दिले, याची नोंद घ्यावी. त्या प्रमाणात वेतन वाटावे. भाडे चौरस फुटांच्या प्रमाणात, दूरध्वनी व वाहन प्रत्यक्ष वापराच्या नोंदीनुसार, लेखापरीक्षणाचे शुल्क प्रमाणकांच्या संख्येनुसार विभागावे. जे कोणत्याच प्रकल्पाला लावता येत नाही ते तसेच, स्वतंत्र, आणि 'संस्था चालवण्याचा खर्च' या उघड नावाने मांडावे. संचालकाने वेतन घेतले नसेल तर त्या कामाचे बाजारभावाने मूल्य काढून तेही टिपेत दाखवावे. मिळालेला आकडा पुढील प्रस्तावाला जोडून पाठवावा. निधीदाता तो मान्य करील, याची शाश्वती नाही. निदान त्याने काय नाकारले, हे दोन्ही बाजूंच्या दप्तरात राहील.